कडू तीर्थ

या, असे जवळ सरकून बसा मायबाप. देवळातलीच एक गोष्ट सांगतो, पण गोड नाही.

आमच्या राळेगावात यज्ञेश्वरबुवा कीर्तनाला उभे राहिले की माझे डोळे आपोआप भरून येतात. बुवांना शुगर. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर अतियाबाई म्हणाल्या, पायाला रक्त नीट पोचत नाही; गोड सुटलं नाही तर अंगठा कापावा लागेल.

पेटीवर बुवांचा धाकटा भाऊ अवधूत. कोकोनं शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असं त्यानं मोबाइलवर वाचलं आणि भर देवळात सांगून टाकलं. झालं. जो तो चॉकलेटची बर्फी आणू लागला. आरतीनंतर बुवांना प्रसाद भरवायची आमची रीत. देवाच्या दारी नाही कसं म्हणावं?

बुवांची बायको कुंदा अतियाबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, तसा थोडा गुण काही जणांत दिसला आहे, पण तो कोकोतल्या फ्लॅव्हॅनॉल नावाच्या द्रव्याचा, बर्फीचा नव्हे. आणि ते काही जखमेचं औषध नाही. कुंदानं हे घरोघर सांगितलं. बायकांनी तिला प्रसादाची वैरीण ठरवलं. बुवांनी तिच्याशी बोलणं टाकलं. अवधूत तर चारचौघांत म्हणाला, "वहिनी, दादाले लोकं मानतात हे तुमच्यानं पाहवत नाही."

पुढच्या गुरुवारी कीर्तन संपलं आणि तीर्थाची पळी कुंदानं हाती घेतली. तळहातावर काळपट काहीतरी पडलं. तोंडात घेतलं तर कडूजहर. पण तीर्थ ते, थुंकता येईना. डोळे मिटून सगळ्यांनी गिळलं.

"हे काय पाजून राह्यल्या?" अवधूत पेटीवरून उठला.

"कोको, भाऊजी. बिनसाखरेचा. देवापुढं ठेवूनच आणला," कुंदा म्हणाली. "तुमी वाचला तो हा. बर्फीतून तुमी साखर चारून राह्यले. अजून कोणाले भरवायचं असन, तर आधी हे पाहून घ्या."

तिनं खाली बसून बुवांच्या पायाची पट्टी सोडली.

बायकांतल्या रुपीबाईचा बर्फीचा हात बुवांच्या ओठांपाशी होता, तो मागे गेला. बुवांनी वाकून आपला अंगठा पाहिला.

"बांध पट्टी," ते कुंदाला म्हणाले.

आता बुवांना प्रसाद म्हणून तुळशीचं पान देतात. अंगठा शाबूत आहे. गाव मात्र कुंदाशी अजून धड बोलत नाही. म्हणून म्हणतो, तळहातावर तीर्थ घ्याल तेव्हा तिची एकदा आठवण काढा.