ताटलीखालचा कण

मोहरीचा एक दाणा साधारण दोन मिलिग्रॅम भरतो. तो कण त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा होता. पांढरा, एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने टोकदार. एका सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो माझ्या ताटलीच्या कडेवरून घरंगळला आणि ताटलीखालच्या खाचेत जाऊन बसला. तिथे तो अकरा दिवस होता.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. आता चामराजपेटेतल्या तुमच्या शाळेत, पंख्यापासून दूरच्या ओट्यावर माझी जागा आहे. तुम्ही माझ्यावर मीठ ठेवता, तुरटी ठेवता आणि बाई पाठमोऱ्या झाल्या की एकमेकांचे केसही ठेवता. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण परवा तुमच्यापैकी एकाकडून माझ्यावर काहीतरी सांडलं. त्याने ते बाहीने पुसलं आणि तो जागेवर जाऊन बसला. बाईंनी विचारलं तेव्हा वर्गातली सहा बोटं एकाच वेळी दुसऱ्याच मुलाकडे वळली. म्हणून आज ही गोष्ट सांगायला बसलो आहे.

माझा जन्म थंड देशातला. मला जोडणारी माणसं हातमोजे घालत आणि माझ्याजवळ आली की श्वास बाजूला सोडत. तिथून मी बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यात एका औषध कारखान्यात आलो. तिथे मला स्वतंत्र खोली होती, कडाप्प्याचा जाड ओटा होता, तीन बाजूंना काचेची सरकती दारं होती. मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा मला कळे. उघड्या बोटांनी धरलेलं वजन ठेवलं तर बोटांचा ओशटपणा आकड्यात उतरे. नवीन आलेल्यांना माझ्यासमोर उभं करून सांगत, याच्यापुढे लपवाछपवी चालत नाही. चौदा वर्षं हे ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

सकाळी मला सुरू केलं की तासभर तापू द्यावं लागे. त्या तासात रत्नाकर साळवे माझ्याजवळ स्टुलावर बसत. ते तिथले सगळ्यांत जुने विश्लेषक, मूळचे नगरकडचे. रविवारी दुपारी मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना एका भाड्याच्या हॉलमध्ये भरे आणि तिथल्या मुलांना ते शास्त्रभाग शिकवत. माझ्या खोलीत खासगी वही आणायला मनाई होती. म्हणून रविवारचा पाठ ते तोंडानेच जुळवत, हळू आवाजात, माझ्याकडे बघत. त्यांच्या मागे केतकी चिमटे आणि ब्रश पुसून मांडत असे. ती पुण्याची. दीड वर्षापूर्वी आलेली, कोरमंगल्यात पीजीत राहणारी. महिनाअखेर ती नोकरीत कायम होणार होती.

त्या काळात हॉलमधली मुलं एकमेकांची नावं सांगायला फार शिकली होती, म्हणून साळव्यांनी आरोप हाच विषय घेतला होता. एका सकाळी ते संदेष्ट्याला दिसलेल्या दर्शनाबद्दल बोलत होते. मुख्य याजक देवदूतापुढे उभा आहे. त्याच्या अंगावर मळके कपडे आहेत आणि त्याच्या उजव्या हाताला उभा राहून सैतान त्याच्यावर आरोप करतो आहे. साळवे म्हणाले की सैतान या शब्दाचा मूळ अर्थच विरोध करणारा, आरोप करणारा असा आहे. आणि गंमत अशी की त्या दर्शनात तो खोटं बोलतो असं कुठेच म्हटलेलं नाही. कपडे मळके होतेच.

"मग त्याचं चुकलं काय?" केतकीने विचारलं.

"त्याला कपडे धुवायचे नव्हते," साळवे म्हणाले. "फक्त दाखवायचे होते. देवाने त्यालाच दटावलं आणि त्या माणसाला स्वच्छ कपडे घालायला सांगितलं."

दुसऱ्या सकाळी त्यांनी ती बाई घेतली, जिला व्यभिचाराच्या आरोपाखाली भर लोकांत ओढून आणलं होतं. आरोप करणाऱ्यांच्या हाती नियम होता. येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहीत राहिला आणि म्हणाला, ज्याने पाप केलेलं नाही त्याने पहिला दगड टाकावा. ते एक एक करत निघून गेले, वयस्कर आधी. मग त्याने तिला विचारलं, तुला दोष देणारे कुठे आहेत? केतकीला हे फारसं पटलं नाही. तिचं म्हणणं, प्रत्येकाने असाच दगड खाली टाकला तर कुणाची चूक दाखवायचीच नाही का? आपल्या धंद्यात तर माणसं मरतील.

"दाखवायची की. पण आधी त्याला एकट्याला गाठून. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन. आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच बोलायचं. एकाच्या सांगण्यावर कुणाला दोषी धरायचं नाही, हे तर फार जुनं नियमशास्त्र."

"सर, तुम्ही या बॅलन्सलाही बाप्तिस्मा देणार एक दिवस."

"त्याला काय गरज? तो रोज सकाळी शून्यावर येतो."

दोघंही हसले. मला ते वाक्य फार आवडलं होतं, म्हणूनच पुढे ते मला टोचत राहिलं.

त्या सोमवारी केतकी घाईत होती. तिच्या चमच्यातून चिमूटभर पूड ताटलीवर सांडली. असं झालं की ताटली उचलायची, खालची खाच ब्रशने झाडायची, ताटली परत बसवायची, ठरलेली वजनं ठेवून मला तपासायचं आणि नोंदवहीत वेळ घालून सही करायची. पाऊण तास जातो. शिवाय त्या महिन्यातली तिची ही तिसरी नोंद झाली असती. तिने ताटली वरून पुसली, काच पुसली, दाराकडे एकदा पाहिलं आणि काम पुढे नेलं.

मंगळवारी सकाळी मला सुरू केलं. मित्रांनो, तो कण पोटात घेऊन मी शून्य दाखवलं. शंभर ग्रॅमच्या वजनाला मी शंभरच म्हणालो, कारण एवढ्या मोठ्या वजनात अर्ध्या मिलिग्रॅमची चूक मर्यादेतच राहते. पण साळव्यांनी दहा मिलिग्रॅम पूड ठेवली तेव्हा तो कण ताटलीला टेकला. आकडा उतरला. त्यांनी तीच पूड पुन्हा ठेवली, तेव्हा तो टेकला नाही. आकडा चढला. दोन वजनं जुळली नाहीत तर तिथेच थांबून प्रमुखांना कळवायचं, हा नियम. प्रमुख वसुमतीबाई मीटिंगमध्ये होत्या. फिट येणाऱ्या मुलांच्या गोळ्यांचा तो नमुना होता आणि गाडी दुपारी निघणार होती. साळव्यांनी तिसऱ्यांदा वजन केलं, तो आकडा धरला आणि माझ्या छापयंत्रातून निघालेल्या तिन्ही चिठ्ठ्या वहीत चिकटवून ठेवल्या.

पुढच्या मंगळवारी तोच नमुना दुसऱ्या काट्यावर तपासला गेला. निकाल जुळला नाही. गेलेला माल गोदामातच अडवून ठेवला गेला आणि वही उघडली गेली.

वसुमतीबाई बंगळुरातल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेली असे आणि त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांनी माझ्यासमोरच दोघांना उभं केलं. हवा तो आकडा येईपर्यंत वजन करत राहणं याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ आहे, लबाडी. ज्याच्या नावापुढे तो शब्द लागला त्याला बोम्मसंद्र्यात काय, कुठेच कुणी काट्याजवळ उभं करत नाही. साळव्यांची चोवीस वर्षं त्या तीन चिठ्ठ्यांवर आली होती.

साळव्यांनी सांगितलं की तिसरं वजन न कळवता केलं, ही चूक त्यांची. हवा तसा आकडा त्यांनी पाडून घेतला नाही. काटा सगळ्यांसमोर उघडून बघावा, एवढं त्यांनी मागितलं. बाई केतकीकडे वळल्या. तिने पाहिलं होतं का?

"हो मॅडम," केतकी म्हणाली. "सरांनी तीनदा ठेवलं. मी मागेच होते."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तिच्या हातांकडे बघत होतो. ती एकच चिमटा पुन्हा पुन्हा पुसत होती.

माझ्या काचेवर लाल पट्टी लागली, वापरू नये. शुक्रवारी अकराला दुरुस्तीचा इंजिनियर येणार होता. बुधवारी केतकीने साळव्यांना जिन्याजवळ गाठलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं. तिने विचारलं, त्यांच्या आधी काटा कुणी वापरला होता हे वहीत आहे, मग ते तिचं नाव का घेत नाहीत?

"घेऊन काय सांगू? मी काही पाहिलेलं नाही, केतकी."

"पण तुम्हाला वाटतं ना?"

"वाटणं आणि पाहणं यांत फरक आहे, हे गेलं दीड वर्ष मी तुला शिकवतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. मला वाटतं त्यांना रागही आला होता. "मला या रविवारी कैवारी शिकवायचा आहे. शास्त्रात आरोप करणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तो असतो. आरोपीजवळ येऊन उभा राहणारा. कसं शिकवायचं ते अजून सुचलेलं नाही." आणि ते खाली उतरून गेले.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती एकटी आली. दार लावलं. लाल पट्टी न फाडता बाजूची काच सरकवता येते, हे तिला ठाऊक होतं. तिने हातमोजे चढवले, ताटली उचलली आणि वाकून पाहिलं. तिचा श्वास माझ्यावर आला. तिला कण दिसला.

तिच्या दुसऱ्या हातात ब्रश होता.

एका झटक्यात सगळं साफ झालं असतं. दुसऱ्या दिवशी इंजिनियरला काही सापडलं नसतं, मी दहा मिलिग्रॅमला दहा म्हणालो असतो आणि तीन चिठ्ठ्यांचा दोष कायमचा साळव्यांवर बसला असता. कण तसाच राहिला तरी त्यांची सुटका होतीच असं नाही. तो त्यांच्याच हातून सांडला असं कुणीही म्हणालं असतं, आणि मग हलगर्जीपणाही त्यांच्याच नावावर चढला असता. ब्रशचे केस खाचेच्या कडेला लागले. मित्रांनो, मला बोलता येत नाही. येतो तो फक्त आकडा, आणि वीज बंद असल्यामुळे तोही नव्हता. चौदा वर्षांत मी कुणावर संशय येऊ दिला नव्हता, स्वतःवरही नाही. आता खोटं बोललो होतो तो मी, आणि माझ्यावर कुणीच बोट ठेवलं नव्हतं.

बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. तिने ब्रश मागे घेतला, ताटली जशी होती तशी बसवली आणि काच सरकवली. कण जागच्या जागी होता. तिने धीर केला म्हणून की ती घाबरली म्हणून, ते मला वजन करून सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. सांडलं तर ताटली उचला, खाली बघा आणि सांडलं असं म्हणा. दुसऱ्याकडे बोट करायला एक क्षण लागतो. स्वतःचं नाव घ्यायला केतकीला अकरा दिवस लागले, आणि त्यातला शेवटचा तास सगळ्यांत लांब होता.

शुक्रवारी अकराला इंजिनियर आला. वसुमतीबाई ओट्याच्या डाव्या बाजूला वही उघडून उभ्या राहिल्या. केतकी त्यांच्याजवळ, साक्षीदार म्हणून. साळवे ओट्याच्या पलीकडे एकटे उभे होते, हात मागे बांधून. बाई त्यांना म्हणाल्या की आत काही निघालं नाही तर त्यांना आजच नोकरीवरून काढल्याचा कागद द्यावा लागेल. निघालं तर ते कुणामुळे, हा प्रश्न राहील. साळव्यांनी मान हलवली.

"सरी, ठीक आहे, उघडा," बाई इंजिनियरला म्हणाल्या.

त्याने लाल पट्टी काढली. काच सरकली. त्याची बोटं ताटलीच्या कडेला भिडली.

केतकी हलली. तिने ओट्याला वळसा घातला, बाईंच्या बाजूने निघून साळव्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. साळव्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. इंजिनियर थांबला, काय झालं ते न कळून.

"स्वल्प, जरा थांबा म्हणायचं असेल तर म्हण," वसुमतीबाई म्हणाल्या. "नुसती उभी राहू नकोस."

"थांबा," केतकी म्हणाली. "ताटली उचलायच्या आधी लिहून घ्या, मॅडम. खाली डावीकडच्या खाचेत एक पांढरा कण आहे. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी, दहा चाळीसला, तो माझ्या हातून सांडला."