पेंढीसारखी बांधलेली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे, मुरगळलेल्या पायाला ताणून गुंडाळतात ती. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, कोणी ‘दुखतंय’ म्हटले की मला पहिल्यांदा संशयच येतो. पट्टीनेच असे म्हणावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण माझे आयुष्यच तसे गेले.

देवळाली कॅम्पच्या बाजारातून सुनीलमामाने मला विकत घेतले. तो अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. तेव्हा त्याचा पाय खरोखर मुरगळला होता आणि चार दिवसांत तो बराही झाला. पण पुढे लग्न, जत्रा, बारसे, काहीही निघाले की मामा मला गुंडाळून साहेबांसमोर लंगडत जायचा. साहेब माझ्याकडे बघून रजा द्यायचे. माझा केवढा मान! पण गेटबाहेर पडताच मामा तरातरा चालू लागायचा. अशा नोकरीत कोणाचा माणसांवर विश्वास राहील? शेवटी माझा ताण गेला आणि मामाने मला जुन्या सेलांच्या डब्यात टाकून दिले.

यंदा पेठकडून मामाची बहीण भागीबाई आणि तिची मुलगी रोशनी आल्या. दुसऱ्या दिवशी एकवीस किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या पाच मुलींना खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर रोशनी आईबरोबर द्राक्षबागेत मजुरीला जाणार हे ठरलेले होते. आणि नेमका एसटीतून उतरताना तिचा घोटा मुरगळला. मी मनात म्हटले, झाले, हरण्याआधीच कारण तयार आहे.

सकाळी भागीबाईने मला शोधून काढले. तिने जन्मभर भाताच्या पेंढ्या बांधल्या होत्या. तिने मला तसेच करकचून आवळले, पीळ देऊन गाठ मारली आणि टोक आत खुपसले.

“घट बांधलाय, आता नाय सुटायचा,” ती म्हणाली.

मला फार बरे वाटले. मामा मला दाखवण्यापुरते बांधायचा. इतक्या मायेने मला कोणीच बांधले नव्हते.

गंगापूर रोडने रोशनी छान पळत होती. दहा किलोमीटरपर्यंत ती चौथी होती. मग तिचे पाऊल वाकडे पडू लागले. बाराव्या किलोमीटरला तिचे प्रशिक्षक मनोज सर मोटारसायकलवरून आले. पाय बधिर झालाय, असे तिने त्यांना सांगितले.

“मागच्या शर्यतीत पोट, आज पाय. नाटकं पुरे, पळ,” सर म्हणाले आणि पुढे निघून गेले.

मलाही ते पटले. मला तर लंगडण्याचा सगळा अभ्यास होता!

सोळाव्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी म्हटले, सापडली चोरी. पण तिने बूट काढला, तेव्हा तिची बोटे निळी पडली होती. पाय सुजत गेला होता आणि मी, ताण गेलेली, जराही सैल झाले नव्हते. माझी गाठ तिने दातांनी सोडवली. कातडीवर माझे वळ खोल उमटले होते. इतका वेळ मी लबाडी शोधत होते आणि तिचा पाय मीच आवळून धरला होता. मला माझीच लाज वाटली.

तीन मुली पुढे गेल्या. रोशनीने मला मुठीत धरले आणि ती रडत, लंगडत उरलेले पाच किलोमीटर पळाली. वाटेत तिने एकीला गाठले.

ती सहावी आली.

सरांनी तिचा पाय पाहिला आणि ते खालीच बसले.

“अगं, आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं ना, सर,” रोशनी म्हणाली.

आईला मात्र तिने, गाठ चांगली बसली होती, असेच सांगितले.

रोशनी आता द्राक्षबागेत आहे. मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणाले तर खुशाल संशय घ्या, तो मलाही आवरत नाही. पण आधी खाली वाका आणि त्याचा पाय बघा.