वाचणारे हे, बघणारी मी

दोन हजार तीन साली आमच्या घरात आयर्लंडची निवडणूक चालू व्हती. हसू नका. हिंगोलीतल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं बाहेरदेशाचं काम धरलं व्हतं. तिकडच्या आज्या-पणज्याच्या काळातल्या एका जुन्या निवडणुकीचे निकाल कुणीतरी कॉम्प्युटरात भरले व्हते, ते मूळच्या छापील कागदाशी बराबर जुळतात का, एवढं तपासायचं. एकानं कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. वाचणारे आमचे हे, बघणारी मी, भागूबाई, धाव्वी पास.

ह्यांचा आवाज काय सांगू! आमच्याकडच्या निवडणुकीत जीपवर भोंगा बांधून हेच फिरायचे. ‘मुंजाजीची जीप आली’ म्हणत बाया भाकरी थापायच्या थांबायच्या. घरात मात्र मुका माणूस. लेक कॉलेजात गेली, तरी मला ‘अवं’ आन ‘ऐकलं का’, याच्यापुढं हाक न्हाई. चारचौघांत ‘ऐश्वर्याची माय’. बायकोचं नाव घ्यायची लाज वाटायची म्हणे!

गुटख्यानं गळ्यात गाठ झाली. नांदेडचा डॉक्टर म्हणला, आवाजाची पेटीच काढावी लागंल, जीव वाचंल, आवाज न्हाई. ऑपरेशनची तारीख बी दिली. म्या म्हणलं, आग लागो त्या आयर्लंडला, गप पडून ऱ्हा. तर हे म्हणतात, “पडून ऱ्हायलं तरी जाणारच हाय. वाचत वाचत जाऊ दे.”

मग काय, बसलो. “ब्रिजिट, पहिली मोजणी, दोन हजार एकशे चार.” “बराबर.” तिकडची रीत न्यारी. जो सगळ्यात मागं पडला त्याला काढायचं, त्याची मतं मतदारानं पुढं ज्याचं नाव लिवलं त्याला द्यायची, आन पुन्हा मोजायचं. म्हणून तीच तीच नावं सारखी यायची.

एक दिवस माझं टकुरं फिरलं. “सकाळपासून ब्रिजिट, ब्रिजिट! कोण लागते ती तुमची? माझं नाव घ्या की एकदा. मंग कवा घेणार?”

ह्यांचे कान लाल. “घेईन की. काम तर सरू दे.”

एका जागी बेरीज जुळंना. पडद्यावर कुणाची तरी तीस मतं कमी पडली व्हती. ती सापडली तवा हे लेकरावाणी हरखले. म्या म्हणलं, “मेलेल्या माणसायसाठी काहून एवढा जीव काढता?”

“अवं, कुणीतरी चालत जाऊन दिली असतील की ती मतं.”

काम सरलं तवा आवाज नुसता खरखरत व्हता. म्या कॉम्प्युटर बंद केला, पदर सारखा केला आन समोर बसले. “हं, बोला.” ह्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं.

“जरा चा टाकतीस का?”

असा राग आला म्हणता! भांडी आदळत चहा केला. चुलीपाशी रडले बी. अजून नांदेडला जायचं व्हतं, तिथं तरी घेतील, अशी आस व्हती.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरनं औषधं आणायला खाली धाडलं. ही लाइन! वर आले तर ह्यांना आत नेलं व्हतं.

दुपारी गळ्यात नळी घातलेले हे बाहेर आले, डोळे मिटलेले. मागून एक नर्स पोरगी आली. “भागूबाई तुम्हीच ना?”

“व्हय. तुला गं कुणी सांगितलं?”

“काकांनीच. आत नेताना विचारलं, सोबत कोण आहे? म्हणाले, भागू. मी लिहून घेतलं तरी थांबेनात. भागू, भागू, भागू. म्हटलं, काका, कळलं मला. तर हसले. म्हणाले, सराव करून राहिलो, ती येऊ दे वर.”

माझ्या हातात औषधाची पिशवी तशीच व्हती. त्या पोरीला म्या हाताला धरून खाली बसवलं. म्हणलं, बाई, कसं म्हणले ते, तसंच म्हणून दाखव. तिनं म्हणलं. पण आवाज तिचा व्हता.