न आलेला ताप

मी एक जुने खुराडे आहे. वस्तीबाहेर, पाण्याच्या टाकीमागे, जिथे डबक्यांवर डासांचे ढग उठतात, तिथे मी उभे आहे. मित्रांनो, माझे सारे आयुष्य बुचकळ्यात गेले. तुम्हाला तरी काही उलगडा होतो का बघा.

मला घडवताना सुतार म्हणाला होता, "चला, कुणाची तरी अंड्यांची चंगळ होणार!" मीही खूश झाले. मग आरोग्य प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. साथीचे रोग कुठून येतात ते शोधण्याच्या कामावर त्या नुकत्याच लागल्या होत्या. त्यांनी माझ्यात कोंबड्या सोडल्या. दर आठवड्याला त्या येत, एकेकीला काखेत धरत, पंखाखालून थेंबभर रक्त काढत आणि निघून जात. अंड्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. अंडी टाकीचे राखणदार काका नेत. कोंबड्यांना दाणेही तेच घालत.

एकदा काकांनी विचारलेच, "बाई, या आजारी आहेत का हो?"

"छे, ठणठणीत आहेत. मेंदूच्या तापाचा डास चावला तरी यांना काही होत नाही. पण रक्तात खूण राहते. माणसांना ताप यायच्या आधी आपल्याला कळतं."

"म्हणजे डास चावावा म्हणून यांना इथं ठेवलंय?"

"हो."

"आणि चावू नये म्हणून तुम्हीच देव पाण्यात घालून बसता?"

बाई खळखळून हसल्या. मला मात्र काही उमजले नाही.

बरीच वर्षे गेली. बाईंच्या केसांत रुपेरी बट आली, आणि एके दिवशी ती खूण सापडली. बाई मोठ्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी आत डोकावून पाहिले. "अहो, या तर मजेत दाणे टिपतायत!" पण बाई हटून बसल्या. डबकी उपसली गेली, फवारणी झाली, संध्याकाळी मैदाने बंद राहिली. पोरे हिरमुसली, दुकानदार खवळले. आणि एकालाही ताप आला नाही.

मला वाटले, आता बाईंची पाठ थोपटतील. झाले भलतेच. "कोंबडीवाल्या बाईंनी उगाच घाबरवलं," असे जो तो म्हणू लागला. काम बंद करण्याचा हुकूम आला. कोंबड्या न्यायला बाई आल्या, तेव्हा त्यांची लेक सोबत होती.

"आई, ताप तूच थांबवलास ना गं?"

बाई माझी जाळी धरून उभ्या राहिल्या. "खरं सांगू? मी थांबवला, की तो येणारच नव्हता, हे मलाही कळत नाही. न आलेला ताप मोजायचा कसा?"

मी रिकामे पडले. पहिल्या वर्षी काहीच झाले नाही. साहेबच खरे असावेत, असे मलाही वाटू लागले. दुसऱ्या वर्षी ताप आला. काही घरांतली लेकरे गेली. काकांनाही ताप आला; ते दवाखान्यातून परतले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. रोज सकाळी येऊन ते माझ्यात दाणे टाकत आणि "या गं बायांनो, या!" अशी हाक मारत. कुणीच कसे येत नाही, म्हणून माझ्याकडे बघत राहत.

एका सकाळी साहेब आणि बाई आले. आत दाण्यांचा ढीग साचला होता. साहेब हळूच म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तेवढ्यात काकांनी विचारले, "बाई, आज रक्त नाही का काढायचं?"

"काढायचं ना, काका," बाई म्हणाल्या. "कोंबड्या घेऊन येते."

आणि खरोखरच कोंबड्या आल्या.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे विद्यार्थी येतात. कधी खूण सापडते, डबकी उपसतात, ताप येत नाही आणि लोक कुरकुरतात. हे असे का, ते मला आजही कळलेले नाही.

मित्रांनो, माझा मागचा खांब वाळवीने पोखरला आहे, तेवढा बदला. कुरकुर करा हवी तर, पण मला पुन्हा रिकामे ठेवू नका. आणि यंदाही काही झाले नाही, तर कुणीतरी बाईंच्या घरी जा आणि सांगा, "बाई, काही झालं नाही." का झाले नाही, ते त्यांनाही नेमके सांगता येणार नाही. पण त्या रात्री त्यांना शांत झोप लागेल.