टाकीभर दूध

काटेकोरची सासू त्याच्याशी बोलत नसे. ती गाईशी बोलायची आणि ते त्याला ऐकू जाईल एवढी काळजी घ्यायची.

झालं होतं ते असं. तो दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. डोंगरातल्या घराघरांतून दूध गोळा करायचं, प्रत्येक कॅनमध्ये काटा बुडवून पाणी मिसळलंय का ते बघायचं आणि टाकी खाली डेअरीत पोचवायची. या काट्यापायीच गावाने त्याला काटेकोर नाव ठेवलं होतं. गेल्या वर्षी त्याने चारचौघांत सासूच्या कॅनमध्ये काटा बुडवला आणि कॅन परत केला. जावयाने सासूचं दूध परत केलं म्हटल्यावर गावाला महिनाभर दुसरा विषय लागला नाही. म्हातारीने अबोला धरला. कॅन मात्र रोज फाटकाशी ठेवत राहिली, अगदी गाय आटेपर्यंत. राग वेगळा, व्यवहार वेगळा.

आणि आता डोंगरापलीकडचं जंगल पेटलं होतं. आग हाताबाहेर गेली होती, बंब त्या बाजूला अडकून पडले होते. दुपारी भोंग्यावरून गाव सोडायला सांगितलं, तेव्हा काटेकोरची टाकी काठोकाठ भरलेली होती. डोंगर पेटला म्हणून गाई दूध द्यायच्या थांबत नाहीत. गाव गुरांसकट खाली निघालं. बायकोने मात्र त्याला वर पिटाळलं. आईला घेतल्याशिवाय मला तोंड दाखवू नका, म्हणाली. बिचारा भरल्या टाकीनिशी घाट चढला.

सासूचं घर खिंडीत, सगळ्यात शेवटचं. दोन्ही बाजूंना उघडा कातळ, मधल्या जागेत घर, गोठा आणि वाळलेल्या गवताचं कुरण. कुरणापलीकडे जंगल, घराखाली गाव.

म्हातारी गोठ्यात गाईच्या पाठीवर ओली पोती घालत होती. गाईचे दिवस भरले होते. चला, गाडी उभी आहे, तो म्हणाला.

"सांग गं त्यांना," सासू गाईला म्हणाली, "तुला चालवत नाही आणि मला तुला सोडवत नाही. म्हणावं, तुम्ही निघा."

त्याने विनवलं, आवाज चढवला, तिच्या मुलीची शपथ घातली. म्हातारी ढिम्म. या हुज्जतीत वारा फिरला आणि आग उतारावरून थेट कुरणाच्या टोकाशी येऊन ठेपली. झऱ्याचा पाइप वरच वितळला असावा. अंगणातला नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला.

म्हातारीला उचलून गाडीत टाकावं आणि सुटावं, हे त्याच्या मनात आलं. मग त्याने खाली पाहिलं. आग एकदा खिंड ओलांडून उतरली, की गावापर्यंत तिला अडवणारं काही नव्हतं. त्या छपरांत त्याचंही छप्पर होतं.

त्याने टँकरकडे पाहिलं. दूध ओढून घेणारा पंप उलटाही फिरतो. पाइप लांब होता. पण खटक्यावर ठेवलेला हात पुढे सरकेना. हे दूध त्याचं नव्हतं. जन्मभर लोकांच्या दुधाचा थेंबन् थेंब राखलेला माणूस तो, अख्खी टाकी मातीत कशी ओतणार?

सासू गोठ्याच्या दारात आली. या खेपेला तिने गाईकडे पाहिलंही नाही.

"जावईबापू, ज्यांचं दूध त्यांचीच घरं आहेत खाली. सोडा."

त्याने सोडलं. पांढरीशुभ्र धार गोठ्याच्या छपरावर, भिंतीवर, कुरणाच्या अलीकडच्या गवतावर कोसळली. म्हातारी मागून पाइप ओढत होती. दूध उतू गेलं तर दिवसभर हळहळणारी बाई, आणि आता म्हणत होती, इकडे घाला, हात आखडू नका. आग भिजल्या गवतापाशी आली, फुसफुसली, डावीकडे सरकली तर कातळ, उजवीकडे सरकली तर कातळ. साऱ्या खिंडीत करपलेल्या दुधाचा वास कोंदला. कुंपणाशी शेवटची ज्वाळ उरली असताना टाकी गुरगुरून रिकामी झाली. मग दोघांनी ओली पोती घेतली आणि त्या ज्वाळेला बदड बदड बदडलं.

आग बसली. काटेकोर चिखलात फतकल मारून हसत सुटला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्याने सासूला सांगूनही टाकलं.

संध्याकाळी गाव वर आलं. काळ्या कुरणाच्या अलीकडे पांढरी भिंत आणि भिंतीशी दोन काळी तोंडं पाहून कोणीतरी रिकामा कॅन बडवायला घेतला, मग सगळ्यांनीच. आमचं दूध कुठाय, असं एकानेही विचारलं नाही. त्या गदारोळात म्हातारी उभी राहिली.

"गेल्या वर्षी माझ्या दुधात पाणी होतं," ती म्हणाली. "तांब्याभर. यांचा काटा खरा होता."

कॅन थांबले. काटेकोरने बाहीने तोंडावरची काजळी पुसली. मग तो म्हणाला, "आज असतं तरी चाललं असतं, आई."

त्यावर जो हशा पिकला तो खालच्या घरांपर्यंत गेला असेल.

गाय मात्र त्या दिवशी व्यालीच नाही. एवढा जिवाचा आटापिटा झाल्यावर आठवड्याने, आपल्या सवडीने व्याली. पुढे वासराचं भागून उरायला लागलं तेव्हा फाटकाशी पुन्हा कॅन दिसला. काटेकोरने तो तसाच उचलून टाकीत ओतायला घेतला, तर म्हातारीने त्याचं मनगट धरलं.

"काटा बुडवा."

त्याने बुडवला. दूध निर्भेळ होतं.

"बघा," सासू म्हणाली. गाईला नव्हे, त्याला.