मुख्य जलमित्र

आसनगावात स्टेशनपासून जरा आत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर संजीवनी राहायची. पोटासाठी ती एका कंपनीचं काम घरी बसून करायची आणि मनासाठी 'ठाव'चं. विहिरीत, झऱ्यात किती पाणी उरलंय ते मोजून फोनवरून नोंदवायचं, की गावाचा नकाशा आपोआप रंगतो, असं ते सॉफ्टवेअर. नुसतं फुकट नव्हे, तर उघडं. त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा, आपल्या गावासाठी उचलून न्यावा. शहापूरच्या आदेशने ते सुरू केलं. कॉलेजात तो तिच्याच वर्गात होता. धरणाच्या उशाला राहून टँकरची वाट बघणारी गावं त्याने लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तेव्हा धग असायची.

संजीवनीकडे वेबसाइट होती, आणि वेबसाइटवरचं सगळ्यात नकोसं पान, प्रायोजकांचं. कोणाचं चिन्ह वर, कोणाचं खाली, ते केवढं दिसावं, त्याच्याखाली काय लिहावं, टिचकी मारली की माणूस कुठे जाऊन पडावा, हे सगळं ती बघायची. पाण्याचा फिल्टर विकणाऱ्याला पंपवाल्याच्या वर बसायचं असायचं. एक रमीवाला आला होता, त्याला चिन्हसुद्धा नको होतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात नुसती लिंक हवी होती, म्हणजे गूगलमध्ये त्याचा जुगार वर सरकला असता. त्याला तिने परस्पर वाटेला लावलं. देवळाच्या पायरीवर नावं कोरून घेणारी माणसं बरी, असं तिला वाटायचं. ती निदान पायरी तरी बसवतात.

चैत्रात एके दुपारी आदेशचा फोन आला.

"मेल बघितलास? मोठा मासा लागलाय. मेघाळी हिल होम्स, ते डोंगरात पाहुण्यांसाठी बंगले बांधणारे. वर्षभराच्या सर्व्हरची चिंता मिटली. त्यांना सगळ्यात वर घ्यायचं, 'मुख्य जलमित्र' म्हणून. मजकूर, फोटो त्यांनीच पाठवलाय."

"जलमित्र म्हणजे काय रे?"

"त्यांचा शब्द आहे. लाव ना, तुझं काय जातंय?"

तिने मेल उघडला. 'आमच्या डोंगरातला प्रत्येक झरा आम्ही लेकरासारखा जपतो,' असं लिहिलं होतं. खाली फोटो होता. उंबराच्या सावलीतलं दगडी कुंड, कुंडाच्या काठावर जांभळ्या लुगड्यातली एक म्हातारी, डोक्यावर तांब्याचा लखलखीत हंडा आणि चेहराभर हसू. संजीवनीने फोटो मोठा केला. कुंड तिच्या ओळखीचं होतं. आणि बाईसुद्धा. ती तिची बाईजा मावशी होती.

मावशी मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे डोंगराच्या पोटातल्या कारवीपाड्यावर राहायची. संजीवनीने तिथल्या तिथे फोन लावला.

"तो फोटू व्हय?" मावशी हसली. "अगो, ती मान्सा आली व्हती कॅमेरा घेऊन. मना नेसायला नवा लुगडा दिलान. मी म्हटला, बरा झाला, सनाचा लुगडा घरबसल्या आला. फोटू काढून झाल्यावर सांगतान कसे, बाय, सोड आता. तितंच झाडाच्या आड सोडून दिला."

"परत घेतला?"

"मंग! नि हंडा पन त्यांचाच. रिकामा. पानी भरू दिला नाय, लुगडा भिजंल म्हनून."

मावशीला त्यात गंमत वाटत होती. संजीवनीला मात्र वेगळंच दिसत होतं. उघड्या रानात, पाचपंचवीस परक्या माणसांच्या आसपास, साठीची बाई झाडाआड लुगडं सोडून देतेय, आणि कुणीतरी ते घडी घालून पिशवीत टाकतंय.

"मावशी, आता पाणी कुठून आणतेस?"

"तू ये कवा तरी. ये मंग सांगते."

संजीवनी दुसऱ्याच दिवशी निघाली. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावपर्यंत एसटी, तिथून जीप. पाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे पूर्वी करवंदाच्या जाळ्या होत्या, तिथे आता मेघाळीवाल्यांची दगडी कमान उभी होती, आणि कमानीत निळा गणवेश आणि टोपी घालून किशोर. किशोर मावशीचा धाकटा मुलगा. बारावी होऊन घरी बसला होता तेव्हा संजीवनीनेच त्याला 'ठाव' शिकवलं होतं. वर्षभर तो नेमाने कुंडात काठी बुडवून पाणी नोंदवायचा. मग नोंदी थांबल्या. पोरगं कंटाळलं असेल, असं तिला वाटलं होतं.

"ताय, तू?" तो गडबडला. "आत नाय जाता येनार. पाव्हने हायेत."

"मला पाहुण्यांचं काय करायचंय? कुंडावर जायचंय. तू मोजायचास की रे."

"आता नाय मोजायचा. साहेबांनी सांगितलाय."

"का?"

"त्यांच्या पोहायच्या टाकीला तितूनच पाइप टाकलाय. बायांना पन तितं पानी भरू देत नाय," तो आवाज उतरवून म्हणाला. मग एकदम तिच्याकडे बघून, "तू रागाव, ताय. पन गावात दुसरी नोकरी हाय का? असली तर सांग, ही टोपी आत्ता काढतो."

तिच्याकडे द्यायला नोकरी नव्हती. ती मागे फिरली.

मावशीने तिला चहा दिला आणि हंडा घेऊन खालच्या ओहोळाकडे नेलं. ओहोळ दिसायच्या आधी वास आला. वरच्या बंगल्यांच्या शौचकूपांचा पाइप कुंपणाखालून बाहेर काढलेला होता आणि तो सरळ ओहोळात मोकळा झाला होता. दगडांवर राखाडी बुळबुळीत थर चढला होता. उकळत्या पेजेवर यावा तसा फेस खळग्याखळग्यात साचला होता, आणि झाडांच्या मुळांना पांढऱ्या ओल्या कागदांचे, बाळांच्या लंगोटांचे बोळे अडकले होते. त्यावर माश्या घोंघावत होत्या. आणि त्याच ओहोळाच्या काठाला, चार पावलं वर, बायांनी वाळूत खड्डा खणला होता. वाळूतून झिरपून आलेलं पाणी वाटीने उपसायचं आणि हंड्यात ओतायचं.

संजीवनीने ओढणी नाकाला लावली. मग मावशी उघड्या तोंडाने वाटी भरतेय हे बघून तिला लाज वाटली, आणि तिने ओढणी खाली केली. वास तोंडात शिरला, जिभेवर बसला. ती बांधाआड जाऊन ओकली.

मावशी मागून आली. पाठीवरून हात फिरवत तिने वाटी पुढे केली. "खळखळून चूळ भर. नि घोटभर पी."

पाणी दिसायला स्वच्छ होतं. संजीवनीने ते तोंडात घेतलं. पण घोट आत जाईना. मावशी बघत होती.

"थुकून टाक गो," ती शांतपणे म्हणाली. "आमाला सवय झाली."

ती थुंकली. त्या क्षणाची किळस तिला पुढे कित्येक दिवस पुरली, आणि ती नुसती पाण्याची नव्हती. जे पाणी मावशीला गोड मानून घ्यावं लागतंय, ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि ज्यांनी ते नासवलं त्यांचं नाव ठळक अक्षरात लावायचं काम तिच्या हाती होतं.

आसनगावला पोचून तिने वेबसाइट उघडली, तर नाव लागलेलं. 'मुख्य जलमित्र' आणि खाली मावशीचं हसू. मेघाळीवाल्यांना घाई होती म्हणून आदेशने स्वतःच ते चढवलं होतं. तिने ते उतरवलं. उघड्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला प्रत्येक बदल जगाला दिसतो आणि तो का केला ते शेजारी लिहावं लागतं. तिने लिहिलं: 'हा झरा कुंपणात आहे. फोटोतली बाई माझी मावशी आहे. तिला तिथे पाणी भरू देत नाहीत.'

पाच मिनिटांत आदेशचा फोन. "हे असं चव्हाट्यावर? मला आधी सांगायचंस ना!"

"तू लावण्याआधी मला सांगितलंस?"

"संजीवनी, सर्व्हर बंद पडला तर कुणाच्या मावशीला फायदा होणार आहे, सांग."

रविवारी शहापूरला आदेशच्या घरी बसायचं ठरलं. नकाशाचं काम बघणारी कुणालीही मुरबाडहून आली. आदेशच्या आईने पोहे केले होते. संजीवनीने ओहोळाचं सगळं सांगितलं, अगदी लंगोटांसकट. कुणालीने बशी बाजूला ठेवली. आदेश खिडकीबाहेर बघत राहिला. क्षणभर वाटलं, झालं, आता कुणी काही बोलायचं उरलं नाही.

पण बोलायचं उरलं होतं. कुणालीच म्हणाली, "असं करूया का? फोटो काढू. 'जलमित्र' पण नको. नुसतं चिन्ह ठेवू, जरा लहान. मग आपण त्यांच्याबद्दल काही चांगलं म्हटलं असं होत नाही."

"हां, हे बरोबर आहे," आदेश सावरून बसला. "पैसा शेवटी चांगल्याच कामाला लागतोय."

दोघांचे चेहरे सैल झाले. पुन्हा पोह्यांकडे हात गेले. संजीवनीला वाटलं, ओहोळाच्या काठी बरं होतं. तिथे घाण घाणीसारखी दिसत तरी होती. इथे ती लहान करून कोपऱ्यात ठेवायची चालली होती, आणि दोघंही मनाने चांगली माणसं होती.

"तो बदल माझ्या हातून नाही होणार," ती म्हणाली. "आणि तुम्ही केलात तर मी पुन्हा काढीन. त्यापेक्षा एक अट घाला. ज्याच्या जागेत पाणी आहे त्याने ते 'ठाव'ला मोजू द्यायचं. कुणालाही, कधीही. नाही देत, तर पानावर जागा नाही."

"एवढंच?" आदेश हसलाच. "हे तर ते आनंदाने मान्य करतील. त्यांची जाहिरातच आहे ती."

त्याने तिथूनच मेघाळीच्या जाहिरात बघणाऱ्या साहेबाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. साहेबाचा आवाज साजूक तुपासारखा होता.

"वा, सुंदर कल्पना! मोजा ना, जरूर मोजा. फक्त आकडे आधी आमच्याकडे पाठवा, आम्ही बघून घेऊ, मग टाका. आणि हो, तिथली ती जुनी नोंद आहे ना तुमच्या नकाशावर, तेवढी काढून टाका. उन्हाळ्यातही कुंड भरलेलं दिसतंय त्यात. आता लोक विचारतात, पाणी गेलं कुठे. उगाच गैरसमज."

आदेशने फोनकडे बघितलं. त्याचा चेहरा, एखाद्याने आंबलेलं वरण तोंडात घालावं, तसा होत गेला.

"नोंद काढायची?" त्याने विचारलं.

"पुसायची नाही हो, नुसती दिसू नये अशी करायची. स्पॉन्सर म्हणून एवढं तर..."

"नको," आदेश म्हणाला.

"काय नको?"

"तुम्हीच नको." त्याने फोन बंद केला आणि पँटला हात पुसला. मग संजीवनीकडे न बघता म्हणाला, "सर्व्हर जुन्या स्वस्त जागेवर हलवू. हळू चालेल. चालू दे हळू."

अट वेबसाइटवर लागली. फिल्टरवाला निघून गेला, त्याच्याही कारखान्यात बोअर होती. पंपवाला राहिला. पान जवळजवळ रिकामं झालं, आणि संजीवनीला ते प्रथमच बघवलं.

पण पानावरून नाव गेल्याने ओहोळ धुतला जात नाही. संजीवनीने लिहिलेली ती ओळ फिरत फिरत पाड्यावर पोचली, बाया ग्रामसभेत जाऊन बसल्या, बाईजा मावशी सगळ्यांत पुढे. पंचायतीने मेघाळीवाल्यांना बोलावलं. बरीच ओढाताण होऊन ठरलं, की सकाळी बायांनी कुंडावर पाणी भरावं. फक्त मागच्या वाटेने यावं, जनरेटरच्या खोलीमागून. पाहुणे पुढे नाश्त्याला बसलेले असतात, त्यांना बरं दिसत नाही.

हा निरोप घरी किशोरनेच आणला. संजीवनी त्या दिवशी तिथेच होती.

"मागून?" मावशीने विचारलं.

"आये, पानी तर मिलतंय ना? जा ना मागून."

सकाळी मावशीने आपला जर्मनचा चेपका हंडा घेतला, रोजचं विरलेलं लुगडं नेसली आणि कमानीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे पाड्यावरच्या बाया. संजीवनी सगळ्यांत शेवटी. किशोर गेटच्या आत होता. त्याने एकदा मागे बंगल्यांकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आये, माझी नोकरी जाईल."

"मंग मी जाऊ मागून? जनरेटरच्या मागनं?" मावशीच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

किशोरने खाली मान घालून गेट उघडलं. बाया नाश्त्याच्या टेबलांमधून कुंडाकडे गेल्या. खुर्च्या मागे सरकल्या. एका पाहुण्या बाईने आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं.

किशोरची नोकरी गेली नाही, पण त्याला गेटवरून काढून रात्रपाळीला जनरेटरवर घातलं. तो संजीवनीशी बोलत नाही. बाया पुढूनच जातात, रोज कुणीतरी त्यांना हटकतं आणि रोज त्या ऐकून घेत नाहीत. पाइप मात्र अजून ओहोळात मोकळा होतो. तो हलवायचा म्हणजे खर्च आहे, असं मेघाळीवाले म्हणतात, आणि पंचायत म्हणते बघू. संध्याकाळी वारा फिरला की वास वर पाड्यापर्यंत येतो. मावशी मग दार लावून घेते, चुलीत दोन काटक्या जास्त सारते, आणि धूर भरलेल्या घरात ताटं वाढते.