घोडीला गोळी, आबांना पेज

माझ्या सासऱ्यांना, म्हस्कूआबांना, आम्ही दोनदा खाटेवरून भुईवर घेतलं होतं. तोंडात तुळशीपत्र ठेवलं, सोयरेधायरे गोळा केले, आणि दोन्ही वेळा आबांनी डोळे उघडून विचारलं, "ही गर्दी कशापायी?" पुन्हा उचलून खाटेवर. तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं, मला आता जाऊ द्या. पेज पुढं केली की तोंड फिरवायचे. मीही हट्टाची, निम्मी पेज त्यांच्या मिशाच पीत.

त्यातच आमच्या पाखरी घोडीचा ओढ्यात पाय मोडला. आमचे मालक लासुर्ण्याहून तडक इंदापूरला गेले आणि जनावरांचा डॉक्टर घेऊन आले. डॉक्टरांच्या खांद्याला बंदूक. पाय चाचपून ते म्हणाले, "हिचे हाल बघवत नाहीत. गोळी घालणं हीच दया."

सगळ्यांनी माना हलवल्या. सुटेल बिचारी, असं पहिल्यांदा मीच म्हणाले.

ओसरीवरून आबांचा आवाज आला, "डाक्टर, दयेची एक गोळी हिकडं बी येऊ द्या."

डॉक्टरांनी घाम पुसला. "आबा, माणसाला मारलं तर मला फाशी होईल."

"मंजी घोडीचं हाल झालं तर दया, आन् माझं झालं तर पेज?"

शेजारची रंगूबाई पदरात तोंड घालून फिसकन हसली आणि मलाही हसू आवरेना. डॉक्टर मात्र सरळ माणूस. म्हणाले, "कायदा तसा आहे खरा. का, ते मला सांगता यायचं नाही."

"मग माझाच कायदा तिला लावा. मी जाईस्तवर ऱ्हाऊ द्या. मी गेलो की खुशाल घाला गोळी."

बापाचा शब्द मालकांना मोडवेना. डॉक्टरांनी पाखरीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, भरवसा देत नाही म्हणाले आणि बंदूक तशीच घेऊन गेले. पाखरीला गोणपाटाच्या झोळीत गोठ्याच्या आढ्याला टांगलं. झोळीतली घोडी बघायला सगळी आळी लोटली.

संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले. आबांनी तोंड फिरवलं नाही.

"कुशे, तिनं काय खाल्लं का?"

"खाल्लं. मूठभर हरभरा."

आबांनी गोठ्याकडं रागानं बघितलं. मग मिशा दोन्ही हातांनी बाजूला धरल्या.

"वाढ मग."

मला इतका आनंद झाला, की पेज त्यांच्या मांडीवरच सांडली.